नरभक्षक: पडद्यावरचा आणि वावरातला

कापूस वेचताना माणूस दिवसभर वाकलेला असतो. कमरेला ओटी, नजर बोंडावर, दोन्ही हात चालू. पऱ्हाटी खांद्याला लागली असेल तर बांधावर उभं राहूनही वेचणारी बाई दिसत नाही, नुसतं झाड हलताना दिसतं. वावराला लागून नाला, नाल्याच्या काठानं घाणेरीची दाटी, पलीकडे सरकारी कागदांत 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेला पट्टा आणि त्यातून पुन्हा कोणाचं तरी वावर. यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव, कळंब आणि केळापूर तालुक्यांत शेत आणि रान असे एकमेकांत शिरलेले आहेत. इथल्या गुराख्याला, म्हणजे ढोरक्याला, आपण कोणत्या क्षणी जंगलात पाऊल टाकलं हे सांगता येणार नाही. वाघालाही ते कळायचं काही कारण नाही.

जून २०१६ ते ऑगस्ट २०१८ या काळात या टापूत १३ माणसं वाघाच्या हल्ल्यात गेली, असा वन खात्याचा हिशेब होता. दोष आला तो एका वाघिणीवर. खात्याच्या नोंदीत ती टी-१ होती, शहरांतल्या प्राणिप्रेमींनी तिला अवनी म्हटलं आणि गावांत तिला नुसतं 'वाघीण' म्हणत. शेवटचे तीन बळी ऑगस्ट २०१८ या एकाच महिन्यातले. त्याच महिन्यात, १० ऑगस्टला, 'द मेग' हा हॉलिवूडपट जगभर झळकला होता. सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नामशेष झालेला अजस्र शार्क समुद्राच्या तळातून वर येतो आणि किनाऱ्यावरच्या गर्दीत घुसतो, अशी त्याची गोष्ट.

समुद्राचं तोंड न पाहिलेल्या जिल्ह्यात शार्कपटांचा विषय काढायचं कारण हेच. माणूस खाणाऱ्या जनावराची गोष्ट सिनेमा कशी सांगतो, याचा नमुना शार्कपटांनी घालून दिला. ते जनावर खरोखर दाराशी आलं की काय होतं, हे राळेगावनं पाहिलं. दोन्ही शेजारी ठेवले तर सिनेमाचं खरं-खोटं दातांच्या लांबीवर ठरत नाही, हे लवकरच लक्षात येतं.

पंचवीस फुटी शार्क

या नमुन्याची सुरुवात १९७५ च्या 'जॉज'पासून धरतात. पीटर बेंचलीची कादंबरी आदल्या वर्षीची, दिग्दर्शक तेव्हा विशीतला स्टीव्हन स्पीलबर्ग. त्यातला ग्रेट व्हाइट शार्क पंचवीस फुटांचा सांगितला आहे. प्रत्यक्षात या जातीची मोठ्यात मोठी मादी वीस फुटांच्या आसपास भरते. चित्रपटासाठी बनवलेला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. त्यामुळे स्पीलबर्गला तो दाखवणं टाळावं लागलं, आणि पहिला तासभर प्रेक्षक पाण्याकडे, पिंपांकडे, पोहणाऱ्यांच्या पायांकडे बघत घाबरत राहिला. यंत्र बिघडल्यामुळे चित्रपट खऱ्याच्या जवळ गेला, असं म्हणायला हरकत नाही. कारण हल्ला करणारं जनावर आधी दिसत नाही, मग ते पाण्यातलं असो की रानातलं.

आकाराचं खोटं तसं किरकोळ. हेतूचं खोटं मोठं आहे. पडद्यावरचा शार्क माणसं हेरतो, एकाच बोटीच्या मागे लागतो, डाव टाकतो. १९८७ च्या 'जॉज: द रिव्हेंज'मध्ये तर तो एका कुटुंबाचा सूड घ्यायला निघतो आणि पाण्याबाहेर तोंड काढून डरकाळीही फोडतो. शार्कला आवाज काढणारा अवयवच नाही. 'डीप ब्लू सी'मध्ये (१९९९) प्रयोगशाळेत मेंदू वाढवलेले शार्क शास्त्रज्ञांना कोंडीत पकडतात, 'द शॅलोज'मध्ये (२०१६) एकच शार्क एका तरुणीभोवती घिरट्या घालत राहतो. खऱ्या नोंदी वेगळंच सांगतात. फ्लोरिडातलं एक संग्रहालय जगभरच्या शार्क हल्ल्यांची नोंदवही ठेवतं. त्यात माणसानं न डिवचता झालेल्या हल्ल्यांत वर्षाला सरासरी पाच-सहा मृत्यू दिसतात. बहुतेक वेळा शार्क एकदा चावतो आणि सोडून जातो. माणूस मरतो तो बहुधा रक्तस्रावानं.

या पंक्तीत 'ओपन वॉटर' (२००३) हा छोटा चित्रपट वेगळा काढावा लागतो. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर डायव्हिंगच्या बोटीनं एका जोडप्याला चुकून समुद्रातच सोडलं, ते पुन्हा सापडलं नाही. त्या घटनेवर बेतलेल्या या चित्रपटात खरे शार्क वापरले आहेत. त्यात सगळ्यात भीतिदायक गोष्ट आहे बोटीवरची चुकलेली शिरगणती.

महाराष्ट्राला शार्क भेटतो तो बहुधा ताटात, मुशी किंवा मोरी म्हणून. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणा नदीत एका तरुणाच्या पायाला शार्कनं चावून गंभीर जखमी केलं. तो बुल शार्क असल्याचं सांगितलं गेलं. ही जात खाडीतून गोड्या पाण्यात वरपर्यंत जाते. १९१६ च्या जुलैत अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर बारा दिवसांत चार माणसं गेली होती, त्यांतली दोन एका खाडीवजा ओढ्यात. 'जॉज'मध्येही त्या घटनेचा उल्लेख येतो. तेव्हा एक ग्रेट व्हाइट मारून प्रकरण मिटलं असं मानलं गेलं. ओढ्यातले बळी बुल शार्कचे असावेत, असा अंदाज अभ्यासक नंतर मांडू लागले. म्हणजे गुन्हेगार एकच होता की दोन, हे शंभर वर्षांनंतरही पक्कं झालेलं नाही.

गुन्हेगार ठरवायचा कसा

राळेगावात नेमका हाच प्रश्न होता. सिनेमात जनावर एकच असतं, प्रेक्षक त्याला ओळखतो आणि शेवटी मरतं तेही तेच. जंगलात ओळख पटवणं हे चिकाटीचं, कंटाळवाणं काम आहे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे उजव्या अंगासारखे नसतात, म्हणून फोटो दोन्हीकडून लागतात. मातीत ठसा चांगला उमटावा म्हणून वाटेवर बारीक माती पसरतात. बळीच्या जखमांवरून लाळेचे नमुने घेऊन डीएनए तपासणीला पाठवतात. नमुना मिळायचा तर शरीरापर्यंत लवकर पोहोचायला हवं, आणि तोवर गाव गोळा झालेलं असतं.

टी-१ च्या क्षेत्रात टी-२ हा नरही फिरत होता. तेराही बळी एकाच वाघिणीचे, हे डीएनएनं सिद्ध झालेलं नव्हतं. काही प्रकरणांत तिचा संबंध जुळला होता. ती माणसं मारत नव्हती, असा मात्र याचा अर्थ होत नाही. शहरातल्या चर्चेत ही दोन वाक्यं एकमेकांविरुद्ध वापरली गेली. राळेगावच्या ढोरक्याला दोन्ही एकदमच खरी मानून ढोरं सोडावी लागत होती.

बळींचा आकडा कसा फुगतो, याचं जुनं उदाहरण आफ्रिकेत आहे. १८९८ मध्ये केनियातल्या त्सावो नदीवर रेल्वेचा पूल बांधताना दोन सिंहांनी मजूर मारले. त्या मजुरांत हिंदुस्थानातून नेलेले पुष्कळ होते. सिंहांना मारणाऱ्या कर्नल पॅटर्सननं पुढे १३५ बळींचा दावा केला. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये ठेवलेल्या त्याच सिंहांचे केस आणि हाडं तपासून २००९ मध्ये संशोधकांनी अंदाज मांडला तो सुमारे ३५ चा. एका सिंहाचा दात मोडून जबड्यात पू झालेला होता. 'द घोस्ट अँड द डार्कनेस' (१९९६) या चित्रपटानं मोठा आकडा उचलला आणि सिंहांना भरघोस आयाळ दिली. त्सावोच्या त्या नरांना आयाळ नव्हती.

पाठीमागून, आवाज न करता

पडद्यावर वाघ आधी गुरगुरतो. मग कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर जातो, माणूस वळून बघतो, किंचाळतो. खऱ्या हल्ल्यात यातलं बहुधा काहीच नसतं. वाघ दबा धरून, शक्यतो मागून येतो आणि मानेला धरतो. पाठलाग फार थोड्या अंतराचा असतो, आणि बहुतेक झडपा फसतात. म्हणूनच तो सावध, उभ्या, आपल्याकडे बघणाऱ्या सावजाला सहसा टाळतो. सुंदरबनात १९८० च्या दशकात मध आणि लाकूड गोळा करणाऱ्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाचा मुखवटा बांधायला दिला होता, तो याच कारणानं. काही काळ त्याचा उपयोगही झाला.

उभा माणूस वाघाला ओळखीच्या सावजासारखा दिसत नाही. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस तसा दिसू शकतो. मोहफुलं वेचणारा, तेंदूची पानं तोडणारी, गवत कापणारा, कापूस वेचणारी, विदर्भात रानाशेजारी होणारं जवळपास प्रत्येक काम वाकूनच होतं. मे २०२५ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. पान कोवळं असतं तेवढ्याच दिवसांचा तो हंगाम. त्या दिवसांत घरी बसायचं म्हणजे वर्षाच्या रोकड पैशावर पाणी सोडायचं.

ढोरक्याची गोष्ट याहून वेगळी. तो वाकलेला नसतो, पण वाघाचं लक्ष ज्या जनावरावर असतं त्याच्या तो जवळ असतो. वाघ गाय धरतो, ढोरकी ओरडत, काठी आपटत धावून जातो. गाय मालकाची असते आणि जबाबदारी त्याची. टी-१ च्या टापूत बळी गेलेले बहुतेक शेतकरी किंवा गुरं राखणारे होते.

परफ्युम, हत्ती आणि पॅराग्लायडर

टी-१ ला आधी बेशुद्ध करून पकडावं आणि ते जमलं नाही तरच मारावं, असा वन खात्याचा आदेश होता. प्रकरण न्यायालयात गेलं. ११ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. लोणीला मोहिमेचा तळ पडला. पुढच्या दोन महिन्यांत जे घडलं, ते पटकथेत लिहिलं असतं तर निर्मात्यानं अतिशयोक्ती म्हणून काढून टाकलं असतं.

शंभराच्या आसपास कॅमेरा ट्रॅप लागले. ड्रोन आणि पॅराग्लायडर आले. माग काढायला इटालियन केन कोर्सो जातीचे कुत्रे आणले. हत्ती आले. त्यांतला एक ३ ऑक्टोबरला तळावरून सुटला आणि त्यानं राळेगाव तालुक्यातल्या चहांद गावात एका महिलेला मारलं. वाघिणीपासून वाचवायला आणलेल्या जनावरानं गावातलं माणूस नेलं. ही गोष्ट अवनीच्या कहाणीत बहुतेक वेळा एका ओळीत आटोपते. चहांदमध्ये ती एका ओळीची असणं शक्य नाही.

परफ्युमची बातमी जगभर छापून आली. वाघिणीला आकर्षित करण्यासाठी कॅल्विन क्लाइनचं 'ऑब्सेशन फॉर मेन' शिंपडलं गेलं. वाचणाऱ्यांना गंमत वाटली, पण त्यामागे शास्त्र होतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात वेगवेगळे सुगंध मोठ्या मांजरांपुढे ठेवून पाहिले, तेव्हा हा त्यांना सर्वांत जास्त वेळ थांबवतो असं दिसलं होतं. त्यात सिव्हेटोन असतं, उदमांजराच्या ग्रंथीतल्या गंधासारखं. ग्वाटेमालात जॅग्वारला कॅमेऱ्यापुढे आणायला हाच सुगंध वापरला गेला.

बेशुद्ध करणं सिनेमात सोपं असतं. बंदूक उडते, डार्ट रुततो, जनावर दोन पावलांत कोसळतं. प्रत्यक्षात औषध भिनायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात वाघ झुडपात शिरतो, नाल्यात उतरतो, पाण्यात पडून गुदमरू शकतो. अंतर थोडं लागतं, नेम मांसल भागावरच धरावा लागतो, मात्रा वजनाच्या अंदाजावर ठरते. म्हणून पशुवैद्यक हजर हवा आणि उजेड हवा.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटी गावाजवळ यातलं काहीच नव्हतं. राळेगावच्या आठवडी बाजारावरून परतणाऱ्यांना वाघीण दिसली, पथक उघड्या गाडीतून गेलं, डार्ट मारल्यावर ती अंगावर आली आणि असगर अली खान यांनी स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, अशी खात्याची बाजू होती. असगर अली हे हैदराबादचे नेमबाज शफात अली खान यांचे चिरंजीव. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात शवविच्छेदन झालं आणि प्रश्न उभे राहिले. अंगावर येणाऱ्या जनावराला गोळी बाजूनं कशी लागली? डार्ट खरोखर बंदुकीतून सुटला होता, की नंतर हातानं टोचला? राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं नेमलेल्या समितीनंही नियम मोडल्याचं नोंदवलं.

दिवाळी चार-पाच दिवसांवर होती. बोराटीत फटाके वाजले, मिठाई वाटली गेली. शहरांत मेणबत्त्या घेऊन मोर्चे निघाले. वाघिणीचे दोन बछडे तेव्हा साधारण दहा महिन्यांचे होते. त्यांतली मादी डिसेंबरात पकडून पेंचला नेली. मार्च २०२१ मध्ये तिला तिथल्या जंगलात सोडलं आणि काही दिवसांतच ती मेली.

'शेरनी'नं काय पाहिलं

अमित मसुरकर दिग्दर्शित 'शेरनी' जून २०२१ मध्ये अॅमेझॉन प्राइमवर आला. आस्था टिकू यांनी लिहिलेल्या या चित्रपटाचं चित्रीकरण मध्य प्रदेशात झालं. वाघिणीचं नाव टी-१२ आहे आणि यवतमाळचा उल्लेखही नाही. तरी राळेगावच्या कोणाही वनरक्षकाला ही गोष्ट कुठून आली हे विचारावं लागणार नाही.

चित्रपटाची सुरुवातच बघण्यासारखी आहे. रानवाटेवर एक माणूस हातापायांवर रांगत वाघाची चाल चालतो, कारण झाडाला बांधलेला कॅमेरा टिपतो की नाही हे तपासायचं आहे. हे असंच करतात. पुढेही चित्रपटाचं लक्ष अशाच कामांवर आहे. चराईच्या जमिनीवर वन खात्यानं सागाची रोपं लावलेली, म्हणून ढोरं आतल्या जंगलात न्यावी लागतात. वाघिणीच्या वाटेत खाण येते. दोन राजकीय गट तिला निवडणुकीच्या कामाला लावतात. शरत सक्सेना यांच्या हौशी शिकाऱ्याला वाघिणीपेक्षा आपल्या शिकारीच्या आकड्याची फिकीर आहे. विद्या बालनची वनाधिकारी शेवटी पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात बदलून जाते.

वाघीण पडद्यावर फार थोडा वेळ दिसते. थरार बघायला बसलेल्या कित्येकांना चित्रपट संथ वाटला, पण तो या विषयावरचा सगळ्यात खरा भारतीय चित्रपट आहे. त्याला एक उणेपण आहे. भीती गावकऱ्यांच्या बाजूनं पुरती दिसत नाही. दिवस कलायच्या आत पोडावर, म्हणजे आपल्या वस्तीवर, परतणारी कोलाम आदिवासी माणसं, रात्री रानडुक्कर आणि रोही पीक खातात म्हणून भीती असूनही जागलीला जाणारा शेतकरी, वावर लांब आहे म्हणून शाळा सुटलेल्या पोराला घरीच कोंडून ठेवणारी आई, हे सगळं चित्रपटाच्या कडेकडेला राहतं. मृत्यूनंतरची कागदपत्रंही नाहीत: पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वारस दाखला. आज राज्य सरकार वाघाच्या हल्ल्यातल्या मृत्यूसाठी २५ लाख रुपये देतं, काही लगेच आणि उरलेले मुदत ठेवीत. ती रक्कम हाती येईपर्यंतच्या महिन्यांत वावर कोण कसतं, हा एका चित्रपटाचा विषय आहे.

किनारा आणि वावर

'जॉज'मधला सगळ्यात अस्सल माणूस शार्क मारणारा नाही. तो आहे गावाचा महापौर. चार जुलैचा हंगाम बुडू नये म्हणून तो किनारा उघडा ठेवतो, आणि दुसराच शार्क पकडला गेल्यावर प्रकरण संपल्याचं जाहीर करतो. जनावराबद्दल पुष्कळ चुकलेला हा चित्रपट माणसांच्या कारभाराबद्दल क्वचितच चुकतो.

फरक किनाऱ्याचा आहे. समुद्रात पोहणं ही मौज आहे, भीती वाटली तर टॉवेल गुंडाळून घरी जाता येतं. वावर बंद ठेवता येत नाही. फुटलेलं बोंड झाडावर थांबत नाही, ढोरांना वैरण लागतेच आणि ती विकत घ्यायला पैसा नाही. कापसानं आणि कर्जानं आधीच पोळलेल्या या जिल्ह्यात वाघाची भीती मजुरीच्या हिशेबात धरावी लागते. शार्कपट पाहणारा भीती विकत घेतो आणि दीड तासानं तिच्यातून बाहेर पडतो. राळेगावात ती दोन वर्षं रोज सकाळी वावरात न्यावी लागली.

भीतीचा उलटा परिणाम दोन्हीकडे सारखाच दिसतो. 'जॉज'नंतर अमेरिकेत शार्कच्या शिकारीला ऊत आला. ते पाहून बेंचलीनं उरलेलं आयुष्य समुद्र संवर्धनासाठी वेचलं. जगभरात माणूस वर्षाला सुमारे १० कोटी शार्क मारतो, असा संशोधकांचा अंदाज आहे. यवतमाळमध्ये एप्रिल २०२१ मध्ये झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबन भागात एक गर्भार वाघीण गुहेत कोंडून मारली गेली, तिचे पंजे तोडून नेले. अवनीसाठी निघाले तसे मोर्चे तिच्यासाठी निघाले नाहीत. तिला नाव नव्हतं.

तीन हजार किलोमीटर

याच जिल्ह्यातून आणखी एक वाघ निघाला होता. टिपेश्वर अभयारण्य जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं. तिथं जन्मलेल्या एका तरुण नराला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बसवली. जूनमध्ये तो बाहेर पडला. मराठवाडा, तेलंगणाची हद्द, पुन्हा विदर्भ असं फिरत तो वर्षाअखेरीस बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. लोक त्याला 'वॉकर' म्हणू लागले. कॉलर निघेपर्यंतची त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या घरात गेली.

तो चालला तो मुख्यतः रात्री, नाल्यांच्या कडेनं, कपाशी आणि तुरीच्या वावरांतून, महामार्ग ओलांडत. दिवसा झुडपात पडून राहायचा. रानडुकरं मारली, काही ठिकाणी ढोरं मारली, त्यांचे पंचनामे झाले. हिंगोली जिल्ह्यात तो निजला होता त्या झुडपात काही माणसं शिरली, तेव्हा एकाला इजा झाली. जीव कोणाचाही गेला नाही.

या प्रवासावर चित्रपट काढायचा तर पटकथाकाराला अडचण येईल. शेकडो गावांजवळून वाघ जातो आणि बहुतेक गावांना कळतही नाही. पण कोणी धीर केलाच, तर सामग्री तयार आहे: कॉलरकडून दर काही तासांनी येणारा नकाशावरचा ठिपका, तो बघून पुढच्या गावाला फोन करणारा वनरक्षक, त्या फोननंतर जागलीला जावं की नको याचा विचार करत ओसरीवर बसलेला शेतकरी, आणि सकाळी ओटी बांधून निघण्याआधी नाल्याकडची बाजू कोणी वेचायची यावरून बायांमध्ये होणारी बोलाचाली.